सही थूल साहेबांचीच

आमच्या ऑफिसात सगळ्या साहेबांच्या सह्या माझ्या ड्रॉवरमध्ये असत. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात. डिजिटल सहीची, पेनड्राइव्हएवढी ती डोंगलं. कोणतं कोणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून मी नावाचं पहिलं अक्षर टाकलं होतं, आणि पिन नंबर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिले होते. साहेब लोकांचा हुकूमच होता तसा. कोणी मिटिंगला, कोणी दौऱ्यावर, कोणी घरीच. लोकांची कामं अडायला नकोत ना! मी डोंगल लावायची, पिन टाकायची, आणि साहेब तिकडं पुलगावला सासुरवाडीत जेवत असताना इथं त्यांची सही होऊन जायची. दाखल्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटली की विषय संपला. बारा वर्षं कंत्राटी ऑपरेटर म्हणून काढली मी, आणि यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

थूल साहेब नायब तहसीलदार म्हणून बदलून आले त्या दिवशी मी सवयीनं हात पुढे केला. म्हटलं, "साहेब, डोंगल द्या, डब्यात ठेवते."

ते खुर्चीत बसणार होते, ते तसेच उभे राहिले. "काऊन? माह्यी सही तुमाले कायले पायजे?"

मी हसले. वाटलं, नवीन साहेब गमतीचे दिसतात. पण गंमत नव्हती. त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून डोंगल काढून दाखवलं. त्यात बुटाची काळी नाडी ओवलेली, आणि नाडीचं दुसरं टोक शर्टाच्या काजाला गाठ मारून बांधलेलं. आठ दिवस आख्ख्या ऑफिसला तेवढाच विषय पुरला. आमचा शिपाई म्हणायचा, "साहेब आंघोळीलेही घेऊन जात असन बाप्पा!" साहेबांच्या कानावर गेलं तर ते म्हणाले, "नाई, आंघोळीच्या वक्ती बायकोजवळ देतो."

उंच, किडकिडीत माणूस, खांद्यात जरासा वाकलेला. अल्लीपूरकडचे राहणारे. घरी धुतलेला पांढरा शर्ट, कॉलर झिजून दोरे निघालेले. आल्याबरोबर शिपायापासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात "जय भीम". दुपारच्या डब्यात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि एक कांदा, तो टेबलावर बुक्कीनं फोडायचे. फायली उडायच्या. मी ओरडायची. ते कांद्याचा अर्धा भाग माझ्यापुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "खा वं, डोस्कं थंड राह्यते."

काम करताना त्यांचे ओठ हलत. प्रत्येक अर्ज ते तोंडातल्या तोंडात पूर्ण वाचायचे. नाव, वडलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जोडलेला प्रत्येक कागद. शेवटी "हं" म्हणायचे, मग नाडी ओढून डोंगल काढायचे. एका दाखल्याला सात-आठ मिनिटं! दुसऱ्या टेबलावरचे साहेब तेवढ्यात तालुका निपटवायचे.

"साहेब, हे सगळं खालच्या टेबलावर तपासूनच येतं," मी एकदा सांगून पाहिलं.

"त्यानं तपासलं तं त्यानं सही करावी. माह्यी सही म्हणजे मी पाह्यलं."

रहिवासी दाखल्याला तर त्यांचा वेगळाच कायदा. आधार आहे, रेशनकार्ड आहे, वीजबिल आहे, पोर्टल म्हणतं बस झालं. साहेब अर्जदाराला समोर बसवायचे आणि विचारायचे, "तुमच्या घराच्या डाव्या हाताले कोण राह्यते? त्याच्या घरी लेकरं किती?" एकदा एक सफारीवाला गृहस्थ आला. ठेकेदार होता, गावातल्या कामासाठी दाखला पाहिजे होता. कागद एकदम चोख. साहेबांनी डावा हात विचारला, तो गप्प. उजवा विचारला, तरी गप्प. शेवटी म्हणाला, "आजूबाजूले सगळी शेतंच आहे साहेब." साहेबांनी त्याच गावच्या कोतवालाला फोन लावून स्पीकरवर टाकला. कोतवाल म्हणाला, "थे घर तं हनुमान मंदिराच्या आन् पिठाच्या चक्कीच्या मंधात हाये, साहेब. दाटीवाटीत." आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्ज नामंजूर केला आणि कारण स्वतः टाईप केलं, एका बोटानं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. दुपारी लाईन गेली होती, कॉम्प्युटर बंद, करायला काही नाही म्हणून चहा चालला होता. साहेब बशीत चहा ओतून फुंकत होते. त्यांच्या वडलांना लिहिता येत नव्हतं, पण गावात काही झालं की जमादार त्यांनाच पंच म्हणून धरायचा. "ये बुढ्या, लाव आंगठा," की यांनी लावायचा. एका चोरीच्या पंचनाम्यात असाच लावला. माल त्यांच्याच वस्तीतल्या गणपत नावाच्या माणसाच्या घरात सापडला, असं त्या कागदात लिहिलेलं. वडील त्या घरात गेलेही नव्हते. गणपत दोन वर्षं आत जाऊन आला.

"मंग बाप गणपतच्या दारावरून कधी गेला नाई," साहेब म्हणाले. "बाजारात जायाचं असलं तं मागच्या पांदणीनं जाये. पावसात गुडघाभर चिखल राहे तठी, तरी जाये." आणि बशी तोंडाला लावली.

आता कोणी म्हणेल, वा, काय थोर माणूस! थांबा जरा. त्यांच्या हाताखाली जून-जुलैत बसून पाहा, मग सांगा. ॲडमिशनचे दिवस, बाहेर व्हरांड्यात पोरापोरींची रांग, माझ्या खिडकीवर बापांच्या मुठी. आठवड्याला व्हिडिओवर आढावा, त्यात कोणाकडं किती अर्ज पडून आहेत त्याची यादी. आमचे साहेब त्यात कायम लाल रंगात आणि कायम वरून पहिले. वरचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "थूल, सिलेक्ट ऑलचं बटण शासनानं कशाला दिलंय?" साहेब म्हणाले, "सर, थे बटण मले वाचून दाखवत नाई." त्या दिवशी आम्हाला सगळ्यांनाच बोलणी बसली.

आणि ती नर्सिंगवाली पोरगी. सकाळी दहापासून बाकावर बसलेली, पाच वाजता तिचा फॉर्म बंद होणार. मी तीन वेळा आत जाऊन सांगितलं, हिचं आधी घ्या. साहेब म्हणाले, "हिच्या आंधी आलेले का माणसं नाईत?" तिचा नंबर आला तेव्हा पाच वाजून गेले होते. ती रडली नाही, नुसती पिशवी उचलून गेली. मी मात्र साहेबांवर तोंड सोडलं. म्हटलं, तुमच्या वाचण्यापायी लेकरांचं वर्ष जातं, कसली सही घेऊन बसलात? ते दुसऱ्या दिवशी रजा टाकून, एसटीनं त्या कॉलेजात जाऊन भांडून आले. कॉलेजवाल्यांनी चहा पाजून परत पाठवलं. त्या पोरीचं वर्ष गेलंच. तेव्हापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता, तो मी लपवत नाही. पुढं जे झालं त्यात त्या रागाचाही हात आहे.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये शीलाबाई आली. बोरखेडीची, नवरा वारलेला, अंगणवाडीत अकरा वर्षं मदतनीस. खिचडी शिजवणं, लेकरांची नाकं पुसणं, वजन करणं, सगळं तीच. सेविका रिटायर झाली होती आणि ती जागा भरायची होती. नियम असा की बाई त्याच गावची रहिवासी पाहिजे. गावात अर्ज करण्याइतकी शिकलेली शीलाबाई एकटीच. पण गावच्या एका बड्या माणसाच्या सुनेनंही रहिवासी दाखल्याचा अर्ज टाकला होता. सून राहायची नागपुरात फ्लॅटमध्ये, पण शिक्षण जास्त. दाखला मिळाला की जागा तिचीच.

"साहेब, थे दिवाईले येते फक्त," शीलाबाई म्हणाली. "मले दुसरं काई नोको. तुमी येऊन पाहा."

साहेबांनी सुनेचा अर्ज पूर्ण वाचला. कागद चोख होते, असतातच. त्यांनी आपल्या वहीत लाल पेनानं लिहिलं, "बोरखेडी. स्वतः जाऊन पाहणे. तोवर सही नाही." शीलाबाईला म्हणाले, "मी सोता येतो. घाबरजो नोको."

त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या बायकोला लकवा मारल्याचा फोन आला. साहेब उठले, चप्पल उलटीसुलटी घातली. ॲडमिशनची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, यादीत शेकड्यांनी अर्ज, व्हरांडा भरलेला. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. मागच्या वर्षीची पोरगी त्यांनाही आठवली असणार. नाडीची गाठ सुटेना, मग दातांनी सोडवली. डोंगल माझ्या हातात ठेवलं, पिन कानात सांगितला आणि म्हणाले, "एक एक वाचजो. वहीतले लाल सोडजो. कायजी घेजो." वही माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मी वाचलं नाही. सांगून टाकते एकदाची. पहिले पाच-सहा वाचले, मग खिडकीवर एका बापानं हात जोडले, मागून कोणी शिवी दिली, नेट गोल गोल फिरायला लागलं. मी सिलेक्ट ऑल दाबलं आणि पिन टाकला. वही माझ्या कोपराखाली होती. मी ती उघडली नाही. व्हरांड्यात पोरं नाचली, एका आईनं माझ्या हातावर पेढा ठेवला. आढाव्याच्या ग्रुपवर वरून मेसेज आला, अभिनंदन थूल.

साहेब तीन दिवसांनी आले. बायको वाचली होती, पण उजवी बाजू गेलेली. डोंगल परत घेताना विचारलं, "सगळे वाचले ना?"

मी म्हटलं, "हाव साहेब."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एका माणसानं सांगितलं म्हणून न तपासता विश्वास ठेवला, तो तेवढ्याच वेळी.

अर्धा दिवस दवाखाना, अर्धा दिवस ऑफिस, असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका रविवारी ते एसटीनं बोरखेडीला गेले. सुनेनं अर्जात दाखवलेल्या घराला कुलूप. डाव्या हाताच्या शेजाऱ्यानं सांगितलं दिवाळी, उजव्या हाताच्यानंही दिवाळीच. सोमवारी अर्ज नामंजूर करायला बसले तर यादीत अर्ज नाही. त्यांनी नाव टाकून शोधलं. दाखला निघाला होता, आणि अंगणवाडीच्या निवड यादीवर सुनेचं नाव लागूनही आठवडा झाला होता. त्यांनी दाखला छापला, मोबाईल काढून त्यावरचा चौकोन स्कॅन केला. हिरवी खूण. सही वैध. अंबादास थूल. पुन्हा स्कॅन केलं. तिसऱ्यांदा केलं. मग माझ्याकडं पाहिलं.

मला वाटलं ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं त्यांनी. त्या नजरेपेक्षा थोबाडीत मारली असती तर मी आज सुखानं झोपले असते.

ते त्याच दिवशी वरच्या साहेबांकडं गेले. रेकॉर्ड घेऊन मीही बरोबर. साहेब म्हणाले, हा दाखला रद्द करा, ही सही मी केली नाही. वरचे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं. "थूल, पोर्टल म्हणतं तुम्हीच केली. डोंगल तुमचं, पिन तुमचा. दुसऱ्यानं वापरलं असं लिहून देता? द्या. पण मग त्या दिवशी त्या डोंगलनं निघालेला एकेक दाखला बोगस. सगळे रद्द करावे लागतील. किती पोरांच्या ॲडमिशन आहेत त्यावर? बोला."

परत येताना जीपमध्ये मी रडत होते. म्हटलं, "साहेब, माझं नाव लिहा. मी सांगते, मी केलं म्हणून."

"तुह्यं नाव लिहिलं तं त्या पोट्ट्याईचे दाखले जातीन," ते म्हणाले. मला पहिल्यांदाच असं कोरडं तू म्हणाले. "तू काई मोठी नाई यात. थे लेकरं मोठे हायेत."

तेवढा एकच दाखला रद्द व्हावा, बाकीचे राहावेत, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टाईप करायला सांगितलं. "सदर दाखल्यावर मी स्वतः, अर्ज न वाचता, निष्काळजीपणे सही केली." माझी बोटं चालेनात. ते मागं उभे राहून म्हणाले, "लिही ना वं. 'न वाचता' लिही." जन्मभर जे एक काम या माणसानं केलं नाही, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या नावावर घेतलं. माझ्या हातून लिहून घेतलं.

आणि त्यानं काय झालं? काही नाही. साहेबांची खात्यात चौकशी लागली, आणि ती चालू असतानाच ते रिटायर झाले. निरोपाला शाल-नारळ झालं नाही, चौकशी होती ना. शीलाबाईनं अपील केलं, सुनेकडच्या वकिलानं दाखला रद्द करण्यावर स्थगिती आणली. सून नागपूरहून हजेरीपुरती येते. लेकरांना खिचडी अजून शीलाबाईच वाढते, मदतनीस म्हणून.

साहेब मात्र प्रत्येक तारखेला शीलाबाईबरोबर जायचे. लकवा मारलेल्या बायकोला शेजारणीवर सोपवून, एसटीनं, पिशवीत शेजाऱ्यांचे जबाब घेऊन. मागच्या उन्हाळ्यातल्या एका तारखेला ऑफिसनं मला रेकॉर्ड घेऊन पाठवलं, लॅपटॉपसकट. साहेब बाकावर बसले होते, पांढरा शर्ट तोच, गळ्यापाशी मोठा झालेला. पुकारा झाल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, सून त्या गावात राहत नाही, मी स्वतः जाऊन पाहिलं.

वकिलानं आवाजही चढवला नाही. दाखला पुढं केला. "ही सही कोणाची?"

"माह्यी."

"यात काय लिहिलंय? सदर महिला गावची कायम रहिवासी आहे. तेव्हा खरं लिहिलं होतं का आता खरं बोलताय?"

साहेब म्हणाले, "आता."

"म्हणजे खोट्यावर सही करायची सवय आहे तुम्हाला." आणि साहेबांकडं पाठ करून वकील अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाला, "या माणसाच्या शब्दावर त्या बाईचं अपील उभं आहे, सर."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, सही तपासा. व्हॅलिड आहे का?"

मी लॅपटॉपवर दाखला उघडला. साऱ्या खोलीत त्या सहीचं खरं-खोटं जाणणारी माणसं दोनच होती, एक उभं होतं आणि एक बसलेलं. एक वाक्य होतं माझ्याजवळ. त्या वर्षीची पोरं अजून कॉलेजात होती, हे मी स्वतःला सांगितलं. माझी कंत्राटाची मुदत महिन्याभरात संपणार होती, हेही मला माहीत होतं. यातलं कोणतं कारण आधी आठवलं ते मला विचारू नका.

"होय सर," मी म्हटलं, "व्हॅलिड आहे."

पुढची तारीख पडली. बाहेर कडुनिंबाखाली शीलाबाई पदरानं घाम पुसत उभी होती. साहेब पिशवी सावरत तिच्याजवळ गेले. मी स्कूटी काढत होते, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, राग नोका मानू," ती म्हणाली. "तुमी माह्यासाठी गंज धावले. पण आता तुमी येऊ नोका. तुमी उभे राह्यले का थे कागद दाखवते, आन् माह्यं खोटं होते."

साहेबांनी मग पिशवीतले जबाबांचे कागद काढून तिच्या हातात दिले, आणि म्हणाले, "बरोबर हाये तुह्यं." ती त्यांच्या पाया पडायला वाकली तर मागं सरले. एसटी लागली होती, ती धावत जाऊन चढली. त्याच एसटीनं त्यांनाही जायचं होतं. ते चढले नाहीत.

गाडी गेली. मग त्यांनी मला पाहिलं आणि हळूहळू जवळ आले. मला वाटलं, आता बोलतील, दोन वर्षांचं सगळं आत्ता बोलतील. मी हँडल घट्ट धरलं.

"थे एकटी बाई हाये वं," ते म्हणाले. "पुढच्या तारखेले तिच्यासंग कोण जाईन?"

मी म्हटलं, "जाईल कोणीतरी, साहेब," आणि स्कूटी चालू केली.